गाडीला जामीन कोण?

माणसाला सीमा ओलांडायला एक पासपोर्ट पुरतो. फोटो जुळला, व्हिसा दिसला, शिक्का बसला की तो पलीकडे. गाडीचं तसं नाही. नाक्यावर गाडी उभी राहते तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याला ती वाहन म्हणून नंतर दिसते, आधी दिसतो तो माल. जकात न भरता स्वतःच्याच चाकांवर देशात शिरू पाहणारा माल. कोणी ट्रकभर टीव्ही घेऊन आला असता तर त्याला थांबवलंच असतं. मग हा गृहस्थ एवढी किमती वस्तू हसत हसत आत घेऊन चाललाय, ती इथेच विकून विमानाने घरी गेला तर?

स्वतःची गाडी परदेशात नेण्याच्या तयारीबद्दल जे लिहिलेलं सापडतं, ते बहुतेक याद्यांच्या रूपात. हे घ्या, ते घ्या, ह्याच्या दोन झेरॉक्स काढा. याद्या चुकीच्या नसतात. पण त्या लक्षात राहत नाहीत आणि देश बदलला की निम्म्या निकामी होतात. मला या पसाऱ्यात वाट सापडली ती एका प्रश्नामुळे: हा कागद नेमकी कोणाची भीती घालवतो? जकातवाल्याला वाटतं, गाडी इथेच राहील. पोलिसाला वाटतं, ह्याला चालवता येत नसेल. आणि रस्त्यावरच्या तिसऱ्याच कोणाला तरी वाटतं, ह्याने मला उडवलं आणि आपल्या देशात निघून गेला, तर भरपाई मागायची कोणाकडे? हे तिघंही आपल्याला ओळखत नाहीत. आपण सज्जन आहोत हे आपल्याला माहीत असून उपयोग नसतो. कोणीतरी तिसऱ्याने त्यांना तसं लिहून द्यावं लागतं. फाइलमधला जवळजवळ प्रत्येक कागद म्हणजे असा एक जामीन आहे.

सगळ्यात महागडी भीती जकातवाल्याची. तिच्यावरचा तोडगा म्हणजे ‘कार्ने द पासाज आं दुआन’. नाव फ्रेंच आहे, बोलताना सगळे नुसतं कार्ने म्हणतात. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीबद्दल करार झाला, त्यात या पुस्तिकेला कायद्याची चौकट मिळाली. ती देतात त्या-त्या देशातले अधिकृत मोटार क्लब, आणि त्यांच्या मागे उभी असते एफआयए. फॉर्म्युला वनच्या शर्यती जिच्या नियमांनी चालतात, तीच ही संस्था. शर्यतीत चाक बदलायला किती जण लागतात याची काळजी वाहणाऱ्यांनीच आपल्या पाच सीटच्या गाडीची हमीही घ्यावी, याची मला उगाचच मौज वाटते.

युरोपात खासगी गाडीसाठी कार्ने लागत नाही. युरोपीय संघाबाहेर राहणारा माणूस आपली खासगी गाडी तिथे तात्पुरती म्हणून साधारण सहा महिने ठेवू शकतो. तेवढ्यात ती बाहेर गेली पाहिजे, विकायची नाही, आणि तिथल्या रहिवाशाच्या हातात चालवायला द्यायची नाही. पण इराण, पाकिस्तान, भारत, नेपाळ, इजिप्त, ऑस्ट्रेलिया अशा देशांमध्ये गाडी घेऊन शिरायचं म्हटलं की कार्नेची गाठ पडतेच.

त्याची रचना समजून घ्यायला तासभर द्यावा, तो वाया जात नाही. पुस्तिका पाच, दहा किंवा पंचवीस पानांची असते आणि एक पान म्हणजे एका देशाची एक भेट. पानाचे तीन तुकडे पडतात. आत शिरताना अधिकारी प्रवेशाचा तुकडा शिक्का मारून फाडून घेतो, बाहेर पडताना दुसऱ्या टोकाचा अधिकारी निर्गमाचा तुकडा घेतो, आणि तिसरा तुकडा, म्हणजे स्थळप्रत, पुस्तिकेतच राहते. तिच्यावर दोन शिक्के हवेत. आल्याचा आणि गेल्याचा. आल्याचा आहे पण गेल्याचा नाही, अशी स्थळप्रत राहिली तर त्या देशाच्या दफ्तरी आपली गाडी अजून तिथेच आहे. आपण ती चालवत घरी आलो असलो तरी. मग काही महिन्यांनी जकातीची मागणी क्लबकडे येते आणि क्लब आपल्याकडे बोट दाखवतो.

हे टाळण्यासाठी क्लब आधीच आपल्याकडून अनामत किंवा बँक हमी घेतो. ती किती, हे गाडीची किंमत आणि आपण कोणकोणत्या देशांत जाणार यावर ठरतं. वाटेतल्या ज्या देशाची जकात सगळ्यात चढी, त्याच्या हिशोबाने रक्कम वर जाते. त्यामुळे कार्ने घेण्याआधी नकाशा पक्का करणं फार गरजेचं. ‘जमलं तर तिकडेही जाऊ’ म्हणून यादीत घातलेला एखादा देश फार महाग पडू शकतो. एरवी प्रवासात आयत्या वेळचे निर्णय मला आवडतात. इथे नाही.

पुस्तिकेच्या मुखपृष्ठामागे गाडीचं जे वर्णन भरायचं असतं ते वाचण्यासारखं आहे. नोंदणी क्रमांक, बनावटीचं साल, वजन, किंमत हे अपेक्षितच. मग इंजिन नंबर, सिलिंडर किती, रंग कोणता, सीटवरचं आच्छादन कसलं, सीट किती, रेडिओ आहे का, स्टेपन्या किती. हे सगळं जुन्या काळाच्या चालीवर चाललेलं आहे. पण कल्पना स्वच्छ आहे: जी गाडी आत आली तीच, तशीच, तेवढ्याच सामानासह बाहेर गेली पाहिजे. दोन स्टेपन्या लिहून आत गेलात आणि एकच घेऊन निघालात, तर दुसरी विकली असा अर्थ काढायला कोणी मोकळा आहे.

या सगळ्यात चासी नंबरइतकं महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही. एका नाक्यावरच्या अधिकाऱ्याने आमच्या तोंडाकडे पाहिलंही नाही. त्याने टॉर्च घेतली, बॉनेट उघडायला लावलं, बोटाने धूळ पुसली आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचत कागदाशी ताडून पाहिलं. आमची नावं त्याने त्यानंतर विचारली. मला तेव्हा पटलं की आपण त्या फेरीत गाडीचे चालक म्हणूनच काय ते हजर आहोत, खरी पाहुणी तीच. १९८०च्या दशकापासूनच्या गाड्यांवर हा नंबर सतरा खुणांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही तीन रोमन अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळा करतात. म्हणजे गोल दिसलं की ते शून्यच. आपल्या कागदांवर कुठल्याशा टंकलेखकाने तिथे ‘ओ’ छापलेला असू शकतो, आणि देशात वर्षानुवर्षं कोणाचं काही अडलेलं नसतं. सीमेवर मात्र ती दोन वेगळ्या गाड्यांची दोन वेगळी कागदपत्रं ठरतात. म्हणून निघण्याच्या बऱ्याच आधी, दिवसाउजेडी, स्वतः बॉनेट उघडून तो नंबर प्रत्येक कागदाशी ताडून पाहावा. इंजिन बदललेलं असेल, रंग बदललेला असेल, तर त्याची नोंदही नोंदणीपुस्तकात आलेली हवी.

आणि पुस्तिकेच्या शेवटी एक पान असतं, त्याची माहिती फार थोड्यांना असते. एखादा बाहेर पडल्याचा शिक्का राहूनच गेला, तर घरी परतल्यावर जकात कार्यालयातून किंवा तशाच अधिकाऱ्याकडून ‘ही गाडी आज आमच्या डोळ्यांसमोर इथे उभी आहे’ असं त्यावर लिहून घेता येतं. गाडी तिकडे विकली नाही याचा हा सगळ्यात सरळ पुरावा. अनामत परत मिळवण्याची शेवटची दोरी असते ती.

मालकीच्या कागदांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नोंदणीपुस्तक मूळ हवं, झेरॉक्स नको. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र हवं, कारण कागदोपत्री त्या गाडीवर अजून बँकेचाही हात आहे. गाडी भावाची, वडिलांची किंवा कंपनीची असेल तर मालकाने सही करून, नोटरी करून दिलेलं अधिकारपत्र हवं, आणि त्याचं भाषांतर जिथे जायचं तिथल्या भाषेत असेल तर उत्तम. ‘नवऱ्याच्या नावावर आहे’ हे स्पष्टीकरण घराबाहेर कुठेही चालत नाही. लग्नाआधीचं नाव लायसन्सवर आणि नंतरचं पासपोर्टवर, ही भानगडही निघण्यापूर्वी मिटवून घ्यावी.

आता पोलिसाची भीती. रस्त्यावरून दुसऱ्या देशात जाणाऱ्या मोटारींचा प्रश्न किती लवकर उभा राहिला पाहा: पहिला आंतरराष्ट्रीय करार १९०९ सालचा, पॅरिसमधला. तेव्हा गाडी आणि चालक यांचं मिळून एकच प्रमाणपत्र असे. १९२६च्या पॅरिस कराराने दोघांची ताटातूट केली, गाडीचं वेगळं आणि चालकाचं वेगळं. मग १९४९चा जिनिव्हा करार आणि १९६८चा व्हिएन्ना करार. आज ज्याला आपण आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट म्हणतो, तो या करारांचाच वारस आहे. आणि इथेच लोक अडकतात, कारण ‘आंतरराष्ट्रीय परमिट’ एकच एक नाही. जिनिव्हा करारानुसारचं परमिट एक वर्ष चालतं. व्हिएन्ना करारानुसारचं तीन वर्षांपर्यंत चालू शकतं, मूळ लायसन्सची मुदत त्याआधी संपत नसेल तर. काही देश एक मानतात, काही दुसरं, काही दोन्ही.

जपान फक्त १९४९चं परमिट मानतो. जर्मनीच्या लायसन्सवाल्याला तिथे परमिट दाखवून उपयोग नाही, त्याला आपल्या लायसन्सचं अधिकृत जपानी भाषांतर करून घ्यावं लागतं. मुख्य भूमीवरच्या चीनमध्ये यातलं काहीच चालत नाही. तिथे तात्पुरतं चिनी लायसन्स, तात्पुरती नंबरप्लेट आणि परदेशी गाडी आत आणायच्या परवानग्या असा वेगळाच खटाटोप आहे. थोडक्यात, ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द बघून निश्चिंत होऊ नये, आतल्या पानावर कुठल्या सालच्या कराराचा उल्लेख आहे ते वाचावं.

हे परमिट म्हणजे मूळ लायसन्सचं अनेक भाषांतलं भाषांतर, त्याहून जास्त काही नाही. मूळ लायसन्स सोबत नसेल तर ते नुसती फोटो लावलेली वही आहे. ते मिळतं ज्या देशाने लायसन्स दिलं त्याच देशातून, सरकारकडून किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेकडून. इंटरनेटवर दहा वर्षांच्या मुदतीची ‘जागतिक लायसन्स’ छान प्लास्टिक कार्डावर छापून देणारे पुष्कळ आहेत. कार्ड दिसतं खऱ्याहून देखणं. खरं परमिट अनेक ठिकाणी राखाडी मुखपृष्ठाची पुठ्ठ्याची वही असते, तीवर हाताने लिहिलेलंही असतं, आणि पहिल्यांदा हातात घेतल्यावर हेच नकली असावं असं वाटतं. माझा नियम असा की या क्षेत्रात जितकं देखणं तितकं संशयास्पद.

तिसरी भीती मला सगळ्यात न्याय्य वाटते. परक्या गावात सायकलवरून चाललेल्या एका माणसाला आपली गाडी लागते. तो आपली भाषा जाणत नाही, आपली विमा कंपनी कुठल्या शहरात आहे हे त्याला कळण्याचं कारण नाही, आणि आपण परवा घरी जाणार. या माणसाचा विचार करून युरोपात १ जानेवारी १९५३ पासून ग्रीन कार्डची व्यवस्था सुरू झाली. आज चाळीसहून अधिक देश तिच्यात आहेत, आणि ती युरोपच्या बाहेर मोरोक्को, ट्युनिशिया, तुर्कस्तान, इराणपर्यंत पोचते. कल्पना साधी आहे. प्रत्येक देशात विमा कंपन्यांचा एक ब्यूरो असतो. अपघात झाला की सायकलवाल्याने आपल्याच देशातल्या ब्यूरोकडे जायचं, तिथून पैसे घ्यायचे, आणि मग दोन ब्यूरोंनी आपसांत हिशोब करायचा. गरीब बिचाऱ्याला परदेशी कंपनीच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

कार्डावर देशांच्या खुणांचे चौकोन असतात. ज्या देशात आपला विमा चालत नाही त्या चौकोनावर काट मारलेली असते. लोक कार्ड मिळालं म्हणून खूश होतात आणि काट बघत नाहीत. शिवाय ग्रीन कार्डाने भागते ती फक्त दुसऱ्याची नुकसानभरपाई, तीही त्या-त्या देशाच्या कायद्याने सक्तीची असते तेवढी. आपल्या स्वतःच्या गाडीचा चेंदामेंदा झाला, ती चोरीला गेली, घाटात बंद पडली आणि टोचन करून आणावी लागली, तर हे कार्ड काही बोलत नाही. त्यासाठीचा विमा वेगळा मागून घ्यावा लागतो, आणि कंपनीकडून ‘अमुक देशांत अमुक तारखांना लागू’ असं लेखी घ्यावं लागतं. फोनवरचं ‘हो हो, चालतं सगळीकडे’ हे वाक्य सीमेपलीकडे चालत नाही.

गंमत म्हणजे ग्रीन कार्ड आता हिरवं असावंच लागत नाही. १ जुलै २०२० पासून पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत छापलेलंही चालतं. आणि बाकीच्या जगाने हीच कल्पना उचलताना रंग तेवढे वेगळे घेतले. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचं तपकिरी कार्ड, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडच्या देशांचं पिवळं, अरब देशांचं नारिंगी. ज्यांचा देश यातल्या कुठल्याच रंगात नाही त्यांनी सीमेवर विमा विकत घ्यायचा. नाक्याला लागून खिडकी असते, तिथे मिळतो. महाग असतो आणि मुदत थोडी असते. पण तो घेतल्याशिवाय एक किलोमीटरही जाऊ नये.

युरोपात गाडी नेणार असाल तर आणखी एक कागद डॅशबोर्डच्या खणात असू द्या, अपघाताच्या संयुक्त निवेदनाचा फॉर्म. मला हा फॉर्म फार आवडतो. कुठल्याही भाषेत छापला तरी रकान्यांचे क्रमांक आणि मांडणी तीच राहते. त्यामुळे आपल्या हातात आपल्याला कळणाऱ्या भाषेतली प्रत असेल आणि समोरच्याच्या हातात त्याच्या भाषेतली, तरी अकराव्या रकान्यात काय लिहायचं ते दोघांना कळतं. मध्यभागी दोन गाड्यांसाठी खुणा करायच्या चौकटी: उभी होती, वळत होती, लेन बदलत होती. खाली चित्र काढायची जागा. दोन अनोळखी माणसं, एकमेकांवर चिडलेली, भर रस्त्यात बॉनेटवर कागद ठेवून शाळेतल्यासारखं चित्र काढतात आणि दोघं सही करतात. ही सही म्हणजे चूक कबूल करणं नव्हे, एवढ्याच घटना घडल्या असं मान्य करणं. फॉर्म एकदा घरी सावकाश वाचून ठेवावा. काचा फुटलेल्या असताना नवीन काही वाचायची मनःस्थिती नसते.

गाडीच्या मागे लावायचा, देशाच्या खुणेचा तो लंबगोल स्टिकर अनेकांना केवळ शोभेचा वाटतो. तोही १९०९पासूनचा. व्हिएन्ना करारानुसार पांढऱ्या लंबगोलावर काळी रोमन अक्षरं, किमान ८० मिलिमीटर उंचीची. जर्मनीचा ‘डी’, स्पेनचा ‘ई’, स्वित्झर्लंडचा ‘सीएच’. फिनलंडने १९९३मध्ये ‘एसएफ’ सोडून ‘फिन’ घेतलं. ब्रिटनने २८ सप्टेंबर २०२१ पासून ‘जीबी’ काढून ‘यूके’ आणलं, आणि आदल्या दिवसापर्यंत नियमाप्रमाणे असलेली लाखो स्टिकर एका रात्रीत जुनी झाली. याच्याच जोडीला नंबरप्लेटचा नियम: आकडे नेहमीचे आंतरराष्ट्रीय आणि अक्षरं रोमन हवीत. आपल्या लिपीत पाटी लावली असेल तर बाहेर तोच क्रमांक रोमनमध्येही दिसला पाहिजे. देवनागरीतली पाटी कितीही सुरेख रंगवलेली असली तरी टोलच्या कॅमेऱ्याला ती नक्षीच.

कागद संपले की डिकी. इथे मला दुसराच प्रश्न उपयोगी पडला. कागद असतात समोर कोणीतरी उभं असतं त्या क्षणासाठी, आणि सामान असतं ते आसपास कोणीच नसतं त्या क्षणासाठी.

करारातली मूळ भूमिका अशी की बाहेरून आलेली गाडी तिच्या स्वतःच्या देशाच्या तांत्रिक नियमांत बसली की पुरे. प्रत्यक्षात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोलिसाशी कराराच्या कलमांवर वाद घालण्यापेक्षा त्रिकोण विकत घेणं स्वस्त. लाल परावर्तक त्रिकोण, चमकणारी जॅकेटं, प्रथमोपचाराची पेटी, एवढं घेतलं की युरोपातल्या बऱ्याच देशांत निभतं. ग्रीसमध्ये त्यात अग्निशामक नळकांड्याची भर पडते. जर्मनीत प्रथमोपचाराच्या पेटीत काय असावं यालाही ‘डीआयएन १३१६४’ असं प्रमाण आहे, आणि आतल्या निर्जंतुक पट्ट्यांना मुदत असते, हे पेटी वर्षानुवर्षं न उघडणाऱ्यांना ठाऊक नसतं.

जॅकेटं मात्र डिकीत ठेवायची नाहीत. ती सीटखाली किंवा दरवाज्याच्या कप्प्यात. हमरस्त्यावर गाडी बंद पडली की धोका दरवाजा उघडल्याच्या पहिल्या क्षणापासून असतो, डिकीपर्यंत चालत जाणं हाच धोक्याचा भाग असतो. आणि जेवढी माणसं तेवढी जॅकेटं, चालकापुरतं एक नव्हे. स्पेनने तर याच कारणाने त्रिकोणच सोडला. १ जानेवारी २०२६ पासून तिथल्या गाड्यांना छतावर चिकटवायचा लुकलुकणारा ‘व्ही-१६’ दिवा सक्तीचा आहे, कारण त्रिकोण ठेवायला रस्त्यावर चालत गेलेली माणसंच गाड्यांखाली येत होती. पाहुण्या गाड्यांना अजून त्रिकोण चालतो.

नियम किती गंभीरपणे घ्यायचे याचंही तारतम्य लागतं. फ्रान्सने २०१२मध्ये प्रत्येक चालकाकडे दारूची तपासणी करायची फुंकनळी असावी असा नियम केला. दंड पुढे ढकलत ढकलत शेवटी कधी लागूच झाला नाही, आणि २०२०मध्ये नियमही गेला. दरम्यान सीमेपलीकडच्या दुकानांनी त्या नळ्या ‘फ्रान्स किट’मध्ये घालून भरपूर विकल्या. तयार किटच्या पिशव्यांबद्दल माझं मत म्हणून बरं नाही. त्यात निम्मं कुठल्या तरी मागच्या नियमाचं असतं आणि उरलेलं हलक्या प्रतीचं. त्या पिशवीतला त्रिकोण वाऱ्याच्या पहिल्या झोताला आडवा होतो. जड बुडाचा एक चांगला त्रिकोण सुटा घ्यावा.

हिवाळ्याशी मात्र चेष्टा नको. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि रेडियल टायरची नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल हवी. एरवी जो टायर आपण ‘अजून वर्षभर जाईल’ म्हणतो तो तिथे बाद. टायरच्या बाजूवर तीन शिखरं आणि त्यात हिमकण अशी खूण बघावी. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून फक्त ‘एम अधिक एस’ (म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही, ही खूणच लागते. बर्फासाठी टायरवर चढवायच्या साखळ्या घेतल्या तर घरासमोर कोरड्या जमिनीवर एकदा चढवून पाहाव्यात. गोठलेल्या बोटांनी, अंधारात, सूचनांचा कागद वाऱ्यावर उडत असताना शिकण्याची ती विद्या नाही.

हेडलाइटचं प्रकरण मला तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सुंदर वाटतं. डिपर लावल्यावर समोरच्या भिंतीवर पडणारा प्रकाश नीट बघा. त्याची वरची कड सरळ आडवी नसते. एका बाजूला ती तिरकी वर चढते. डावीकडून चालणाऱ्या देशातल्या गाडीत ती डावीकडे चढते, म्हणजे रस्त्याच्या कडेचा माणूस, मैलाचा दगड, पाटी लांबून दिसते आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जात नाही. हीच गाडी उजवीकडून चालणाऱ्या देशात नेली की तीच डावी बाजू समोरून येणाऱ्याची होते. आपण शहाण्यासारखे डिपरवर गाडी हाकत असतो आणि समोरचा प्रत्येक जण आपल्याला शिव्या देत असतो. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ला एका दिवसात सगळा देश डावीकडून उजवीकडे नेला तेव्हा हेडलाइटही बदलावे लागले, ते याचसाठी. काही नव्या गाड्यांत पडद्यावरच्या मेनूत प्रवासासाठीचा पर्याय असतो, काहींत दिव्यामागे छोटा खटका असतो, काहींची किरणरेषा मुळातच सपाट असते. बाकीच्यांनी काचेवर ठराविक जागी पट्टी चिकटवायची. आपली गाडी यातल्या कुठल्या जातीची ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पुस्तिकेचं ते पान उघडणारे फार थोडे.

स्टेअरिंग उलट्या बाजूला असण्याचा दुसरा जाच टोलनाक्यावर कळतो. तिकिटाचं यंत्र नेमकं पलीकडच्या खिडकीशी असतं. शेजारी कोणी असेल तर ठीक, एकटा चालक उतरून, गाडीला प्रदक्षिणा घालून तिकीट घेतो आणि मागचे हॉर्न वाजवतात. ओव्हरटेक करतानाही समोरचं दिसतं ते शेजारच्या सीटवरच्या माणसाला. त्याचा अंदाज आणि आपला अंदाज जुळतो का, हे आधी शांत रस्त्यावर तपासून घ्यावं. संसाराला याहून कडक परीक्षा मी पाहिलेली नाही.

काय न्यायचं नाही हेही ठरवावं लागतं. वेगमापक कॅमेऱ्यांची चाहूल देणारं यंत्र फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंडमध्ये वापरायला बंदी आहे. घरी निरुपद्रवी वाटणारा डॅशकॅम ऑस्ट्रियात खासगीपणाच्या कायद्यात अडकतो. आणि डिकीतली हत्यारांची हौस आवरावी. जॅक, पाना, फ्यूज, जंपर केबल, टॉर्च, हवा भरायचा छोटा पंप, टोचनाचा पट्टा. हे असलं की बाकीचं गॅरेजवाल्यावर सोडावं. नव्या पुष्कळ गाड्यांत स्टेपनीच नसते, पंक्चर बुजवायची बाटली असते, आणि टायर बाजूने फाटला तर ती बाटली काहीही करू शकत नाही. दूरच्या, ओसाड वाटेने जायचं असेल तर जागा काढून पूर्ण आकाराचं चाक घ्यावं. त्यापायी एक बॅग घरी राहिली तरी चालेल.

पेट्रोल पंपावर भाषा अडली तर युरोपात आकार बघावा. ऑक्टोबर २०१८ पासून तिथे वर्तुळात पेट्रोलची खूण, चौकोनात डिझेलची. टोलऐवजी कालावधीचे पैसे घेणारं विग्नेट असेल तर ते सीमेच्या आधी घ्यावं, पण फार ऐन वेळीही नाही. ऑस्ट्रियाने २०१७च्या अखेरीस ते डिजिटल केलं तेव्हा ऑनलाइन घेतलेलं विग्नेट अठराव्या दिवसापासून लागू व्हायचं, कारण ग्राहकाला खरेदी रद्द करायचा हक्क असतो आणि त्या मुदतीत कोणी फिरून घेऊन पैसे परत मागू नयेत. ग्राहकाच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याने ग्राहकच नाक्यावर अडकलेला मी पाहिला आहे.

तयारीचा क्रम प्रवासाच्या क्रमाशी जुळत नाही. कार्ने आणि बँकेची हमी सगळ्यात आधी, कारण तिथे दोन संस्था एकमेकींच्या पत्रांची वाट बघतात. कार्नेलाही वर्षाचीच मुदत, तेव्हा निघायची तारीख ठरवूनच अर्ज. मालकीची पत्रं, भाषांतरं त्याच वेळी. विमा नकाशा पक्का झाल्यावर, म्हणजे कोणत्या चौकोनावर काट आहे ते बघून मार्ग किंवा कंपनी बदलता येते. वर्षभर चालणारं परमिट शक्य तितकं उशिरा, कारण त्याची मुदत आपण निघतो त्या दिवसापासून मोजत नाहीत, ते तयार होतं त्या दिवसापासून मोजतात. सगळ्या कागदांचे फोटो फोनमध्ये आणि झेरॉक्स दुसऱ्या माणसाच्या बॅगेत. मूळ कागद रात्री गाडीत ठेवायचे नाहीत, नाहीतर गाडी आणि ती आपली असल्याचा पुरावा एकदमच जातो. हेडलाइटच्या पट्ट्या अगदी शेवटी, शक्यतो बोटीवर चढायच्या आधीच्या थांब्यावर. काच आधी पुसून कोरडी करायची, आणि डाव्या दिव्याची पट्टी उजव्याला लागत नाही, तेव्हा पाकिटावरचं चित्र बघूनच.